जुनी गाडी पाहायला जायच्या आधी फोनवरच विचारा

पन्नास किलोमीटर जाऊन मग कागद अपुरे निघाले की अख्खा दिवस जाते भाऊ, म्हणून आधी फोनवरच विचारा, आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, नाव कोणाचं, तुम्ही कितवे मालक, लोन आहे का. लोन फिटलं म्हणतात पण आरसीवर बँकेचं नाव तसंच असते, ते काढायले बँकेची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, अन् फॉर्म ३५ लागते. गाडी नंबर मागून गाडीची नोंद दाखवणाऱ्या एमपरिवहन या सरकारी अॅपवर टाका, नंबर द्यायलेच का-कू करत असन तर मी तरी जात नाही. एमपी पासिंग, म्हणजे मध्य प्रदेशात नोंदलेली, असन तर आरटीओची एनओसी अन् इथला टॅक्स वेगळा. अन् हे नक्की सांगा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा, थंड असन तरच सेल्फ मारा, खराब इंजिनची खडखड अन् निळा धूर तेव्हाच कळते.