बंद जिनिंग भंगारात काढण्याआधी

गुजरातमधल्या अलंगच्या किनाऱ्यावर जुने जहाज तोडताना आधी त्यातल्या घातक वस्तूंची यादी लागते. २६ जून २०२५ पासून जहाजतोडणीच्या आंतरराष्ट्रीय हाँगकाँग करारानुसार ती बंधनकारक आहे. आपल्याकडची बंद जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढणारी गिरणी, कबाड्याला देतानाही हीच रीत ठेवा. यादी आधी, सौदा नंतर.

सर्वात जास्त धोका छपराच्या सिमेंट पत्र्यात. जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज असते. त्याची धूळ फुफ्फुसात बसते आणि आजार वीस-तीस वर्षांनी दिसतो, म्हणून मजूर बेफिकीर राहतात. तोंडाला बांधलेला दुपट्टा हा तंतू अडवत नाही. किमान एफएफपी३ दर्जाचा, बारीक धूळ गाळणारा मास्क हवा. वारा सुटण्याआधी, सकाळीच काम धरा. पाण्यात थोडा साबण घालून पत्रा दोन्ही बाजूंनी भिजवा. गंजलेला हुक-बोल्ट ओढू नका, कापा. ओढला की पत्रा फुटतो. पत्र्यावर पाय देऊ नका, छपराचा भार पेलणाऱ्या कैचीवर फळी टाकून चाला. पत्रे खाली फेकू नका, दोराने सोडा. जाड प्लॅस्टिकच्या दोन थरांत गुंडाळून नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या घातक कचरा केंद्राकडे पाठवा. गोठ्यावर पुन्हा टाकायला कुणालाही देऊ नका.

जुन्या ट्रान्सफॉर्मर-कपॅसिटरच्या तेलात पीसीबी हे विषारी रसायन असू शकते. तपासणीआधी ते ओतू, जाळू किंवा लाकडाला लावू नका.

गॅस कटरने कापायचे असेल, तर कापाच्या दोन्ही बाजूंचा चार इंच रंग आधी काढा. जुन्या रंगात शिसे असते, तापले की त्याचा धूर होतो. डिझेलची रिकामी टाकी मात्र धुऊन, हवा खेळवल्याशिवाय कापूच नका. उरलेल्या वाफेने स्फोट होतो.