घरून साड्या विकणाऱ्या बाईने बाळंतपणाची सुट्टी कशी घ्यावी

'बाळ झोपलं की पार्सलं भरा' असा सल्ला देणाऱ्यांनी एकतर बाळ सांभाळलेलं नसतं, नाहीतर पार्सल भरलेलं नसतं. साडीचा फॉल तपासा, घडी नीट करा, वजन करा, पत्ता लिहा, कुरियरवाल्याला फोन करा. हे सगळं चाळीस मिनिटांच्या झोपेत बसत नाही. त्यातली वीस मिनिटं तुम्हालाच झोपायचं असतं.

नोकरदार बाईला २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. घरच्या कपाटातून साड्या विकणारीला ती कोण देणार? ती आपली आपणच काढायची. धंदा चार महिने बंद राहिल्याने बुडत नाही. बाहेर अडकलेल्या पैशाने बुडतो. म्हणून मी हे सगळं वसुलीभोवती लिहिते आहे.

तारखा आधी ठरवा

डॉक्टरांनी दिलेली तारीख हा अंदाज असतो. ३७ आठवडे पूर्ण झाले की केव्हाही तयारी हवी. त्यामुळे तीन तारखा मागून पुढे मोजत या. शेवटचं पार्सल ३४ व्या आठवड्यापर्यंत, सगळी वसुली सातव्यातल्या डोहाळजेवणाआधी आणि हप्त्यावर विक्री बंद चौथा महिना सरताना. पहिली बाळंतीण माहेरी जाणार असेल तर त्या हिशेबाने सगळंच आणखी थोडं अलीकडे ओढा.

माल हलका करा

जांगड, म्हणजे 'विकला तर पैसे, नाहीतर परत' या बोलीवर घेतलेला माल आधी परत करा. व्यापारी जांगड परत घेताना कुरकुर करतात, पण टॅग शाबूत असतील आणि घडी मोडलेली नसेल तर घेतात. स्वतःच्या पैशाचा माल असेल त्यात हंगाम बघा. सुट्टीच्या मध्ये संक्रांत येत असेल तर काळ्या साड्या आत्ताच काढून टाका, मुद्दलात गेल्या तरी चालतील. पुढच्या वर्षी त्याच साड्यांकडे बायका ढुंकूनही बघत नाहीत. काठपदर आणि पैठणी मात्र घाईने पाडून विकू नका, त्या थांबतात.

रेशीम मलमलीत गुंडाळा, जरीला डांबराची गोळी लागू देऊ नका आणि दोन महिन्यांनी कोणाकडून तरी घड्या बदलून घ्या. एकाच घडीवर पडून राहिलेली पैठणी त्या घडीवरच विरते. साड्यांचं गाठोडं स्वतः उचलायचं नाही, हे वेगळं सांगत नाही.

उधारी: इथेच सगळं अडतं

मला सगळ्यात जड गेलं ते हे. आपल्याकडे घरगुती साडीविक्री हप्त्यांवरच चालते. पगार झाला की पाचशे, भिशी लागली की उरलेले. वहीत नाव, साडीचा रंग आणि बाकी. तुम्ही रोज भेटत असता तोवर हे सुरळीत चालतं. तुम्ही दिसेनाशा झालात की वही थंड पडते.

मग बाळ होतं आणि तीच बाई बघायला येते. हातात झबलं-टोपडं, डब्यात अळिवाचे लाडू. बाळाला मांडीवर घेते, नाक कोणावर गेलंय ते सांगते. वहीत तिच्या नावावर मोरपंखी साडीचे चौदाशे बाकी असतात. तुमचं तोंड उघडेल का? कोणाचंच उघडत नाही. आणि एकदा तिचा आहेर घेतला की पुढचे सहा महिने ती रक्कम काढताच येत नाही. डोहाळजेवणाचंही तेच. तिने ओटी भरली, की तुमची वही मिटली. म्हणून वसुली त्या कार्यक्रमाच्या आधी. यात मी कोणालाही सवलत देणार नाही.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. पैसे बाकी असलेली बाई तोंड चुकवते. ती तुमचा ग्रुप म्यूट करते आणि नवी साडी दुसरीकडून घेते. म्हणजे पैसे गेले आणि गिऱ्हाईकही गेलं. खातं चुकतं झालेली बाई मात्र तुम्ही परत सुरू केल्याच्या पहिल्या दिवशी 'काय नवीन आलंय?' विचारते. वसुली करताना भीड वाटली तर हे लक्षात ठेवा.

आता पद्धत. चौथा महिना सरताना हप्ते बंद. तीन हप्त्यांची चाल असेल तर शेवटचा हप्ता बरोबर सातव्यात येतो. तीन महिने पुरे होईपर्यंत आपण बातमीही कोणाला सांगत नाही, त्यामुळे बातमी आणि 'आता रोखीनेच' हे एकाच दमात सांगता येतं, कोणाला वाईटही वाटत नाही. त्यानंतर जी बाई 'फक्त मला दे गं' म्हणेल ती नेमकी बुडवणारी असते.

मग वही घेऊन बसा आणि प्रत्येकीला वेगळा निरोप पाठवा. ग्रुपवर यादी टाकू नका, मोघम 'ज्यांचे बाकी आहेत त्यांनी कृपया' असंही नको. त्याने देणाऱ्या दुखावतात आणि न देणाऱ्या वाचतसुद्धा नाहीत. निरोप असा असावा: 'ताई, मोरपंखी सेमी पैठणीचे १,४०० बाकी आहेत. १० तारखेला मी या वर्षीची वही बंद करते आहे. सोबत क्यूआर पाठवला आहे.' साडीचा रंग, रक्कम, तारीख, संपलं. पगार एक ते सातमध्ये होतात, म्हणून तारीख दहा. पंचवीस तारखेला मागितलेले पैसे म्हणजे मागितलेलेच नाहीत.

त्या निरोपात 'दवाखान्याचा खर्च आहे' हे वाक्य घालू नका. बहुतेक जणी घालतात आणि मला ते अजिबात पटत नाही. तुमचे हक्काचे पैसे त्या वाक्याने मदत होऊन बसतात. वर समोरून प्रश्न येतात: सिझर आहे का, कुठलं हॉस्पिटल, किती सांगितलेत. पैसे राहतात बाजूला. साडी विकली, पैसे द्या, एवढंच.

वसुलीला नवऱ्याला पाठवू नका. तो एकतर संकोचतो, नाहीतर वाद घालतो. सासूबाईंना तर अजिबात नको, संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायटीला कोणाकडे किती बाकी आहे ते कळतं. फोन तुमचाच हवा, आवाज तुमचाच हवा.

दहा तारीख उलटल्यावर ज्या उरतील त्यांचं काय? साडी नेसलेली नसेल तर परत घ्या, पण फॉल-पिको झालेली घेऊ नका, ती पुन्हा नवी म्हणून विकता येत नाही. थोडीच रक्कम उरली असेल तर शंभर-दोनशे सोडा आणि बाकीचे लगेच मागून घ्या. 'आजच दिलेत तर बाराशेत मिटवू' हे वाक्य मी बिनदिक्कत वापरते. आणि मावशी, आत्या, नणंदेच्या सासूबाई यांच्या नावावर जे असेल ते मनातल्या मनात आहेर समजून खोडून टाका. ते येणार नाहीत आणि वहीत राहिले तर प्रत्येक सणाला डोकं खातील.

उलट्या बाजूची उधारीही बघा. कोणी ब्लाउज शिवून देण्यासाठी कापड दिलंय, कोणी लग्नाच्या साडीचा ॲडव्हान्स दिलाय, ते आधी मोकळं करा. होत नसेल तर पैसे परत. तुमच्याकडे अडकलेल्या पाचशे रुपयांचा बोभाटा त्यांच्याकडे अडकलेल्या पाच हजारांपेक्षा जास्त होतो.

कोणाच्या हाती काय द्यायचं

पूर्ण बंद ठेवणं सगळ्यात सोपं. तरीही उरलेला माल हलवायचा असेल तर एकच माणूस ठरवा, बहीण, जाऊ, शेजारीण. प्रत्येक साडीच्या पिशवीवर नंबर, त्याच नंबरचा फोटो आणि किंमत. तिने त्याच किमतीला विकायचं, घासाघीस झाली तर 'ताईंना विचारते' म्हणून सोडून द्यायचं. नवा माल तिने घ्यायचा नाही.

व्हॉट्सॲप बिझनेस तिच्या फोनवर 'लिंक्ड डिव्हाइस' म्हणून जोडून द्या, तुमचा फोन तुमच्याकडेच राहील. तुमचा फोन सलग १४ दिवस वापरला नाही तर ही जोडणी तुटते, तेव्हा तेवढ्या दिवसांच्या आत एकदा तरी व्हॉट्सॲप उघडत राहा. पैसे तुमच्याच क्यूआरवर येऊ द्या. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, म्हणून तो कोणालाही द्यायचं कारण नाही, सख्ख्या बहिणीलाही.

तिचे पैसे आधीच बोला. साडीमागे किती किंवा पार्सलमागे किती, ते आकड्यात. 'तू घरचीच आहेस, बघू नंतर' यावरून जावाजावांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे.

अवे मेसेजमध्ये, म्हणजे तुम्ही नसताना व्हॉट्सॲप बिझनेसवरून आपोआप जाणाऱ्या उत्तरात, फक्त सुट्टी कधीपर्यंत आणि चौकशी कोणाकडे, एवढंच लिहा. बाळाचा फोटो तिथे नको.

कागदपत्रं

जीएसटी क्रमांक घेतला असेल तर विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावंच लागतं. निल रिटर्नलाही उशिराचा दंड दिवसाला २० रुपये बसतो. निल ३बी (जीएसटीआर-३बी) रिटर्न १४४०९ या क्रमांकावर एसएमएस करून भरता येतं, पण बाळंतपणाच्या गडबडीत ते आठवेल या भरवशावर राहू नका, कर सल्लागाराला आधीच सांगून ठेवा.

प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात, दुसरं बाळ मुलगी असेल तर ६,०००. उत्पन्नाच्या आणि इतर अटी आहेत. अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंकडे चौकशी करा, नोंदणीही त्याच करून देतात.

परत सुरू करताना

जोडणी टिकवायला व्हॉट्सॲप उघडणं सोडलं तर सव्वा महिना फोनला हात लावायचा नाही. नंतर आठवड्यात एक दिवस फोटो आणि एक दिवस पार्सल, एवढ्यावरच या. लाइव्ह करू नका, ज्या वेळेला जाहीर कराल नेमकं त्याच वेळेला बाळ उठतं. नवा माल सणाच्या पंधरा दिवस आधी, तोही थोडा. आणि पहिले तीन महिने हप्ता कोणालाच नाही. सगळ्यात जुन्या आणि चोख गिऱ्हाइकालाही नाही, कारण तिला दिला की दुसऱ्याच दिवशी शेजारणीचा फोन येतो.