'राग ओळखा' खेळताना: मारवा, पुरिया की सोहनी?

गाणंवेड्या मित्रांत 'राग ओळखा' रंगला की हमखास घोळ होतो तो मारवा, पुरिया आणि सोहनीत. तिन्हींत रिषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र, पंचम (प) वर्ज्य, म्हणजे लागतच नाही. म्हणून नुसते स्वर मोजत बसू नका. गाणारा रेंगाळतो कुठे, ते ऐका. कोमल रिषभ आणि धैवतावर (ध) थांबून षड्ज (सा) टाळत राहिला, तर मारवा. मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, खोल उतरून गंधार-निषादाशी (ग-नी) खेळला, तर पुरिया. तार षड्जाभोवतीच, म्हणजे वरच्या 'सा'भोवतीच, घुटमळला, तर बेधडक सोहनी सांगा. ध्वनिमुद्रण लावणाऱ्याने मात्र सुरुवातीचा आलाप (रागाची संथ उलगड) कापू नये. थेट द्रुत तान (स्वरांची वेगवान लड) ऐकवून कोडं घालणं म्हणजे निव्वळ छळ! आणि बंदिश (रागात बांधलेली चीज) पाठ असलेल्याने इतरांचे अंदाज होईपर्यंत गप्प बसावं.