मॅपची पिन गेटवर आणली (माझा अनुभव)

सिंहगड रोडला आमची सोसायटी, पण मॅप सगळ्यांना मागे कॅनॉलच्या रस्त्याला नेऊन सोडायचा, तिथे ही उंच भिंत, आणि डिलिव्हरीवाला फोनवर "दादा, लोकेशनवरच उभाय की!" पत्ता बरोबरच होता हो, घोळ पिनचा. पिन बिल्डिंगच्या मधोमध असली की ॲप जवळात जवळचा रस्ता धरतं, मध्ये भिंत आहे हे त्याला काय माहीत! नुसती तक्रार केलेली ती रिजेक्ट झाली. मग ॲपमधूनच पिन ओढून मेन गेटवर ठेवली, पाटी दिसेल असा फोटो जोडला, ते मंजूर झालं. ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेल्या नकाशावर, तर मंजुरीची भानगडच नाही, खातं उघडायचं नि भिंत, गेट आपणच आखायचं, तिथेही टाकून दिलं.