सफारीत दिसणारा सुपर्ब स्टारलिंग कसा ओळखावा

केनिया-टांझानियाच्या सफारीत सगळ्यांचं लक्ष सिंहाकडे असतं. हा पक्षी मात्र आपणहून जेवणाच्या टेबलापाशी येतो. आपल्या साळुंकीच्याच कुळातला, धिटाईही तशीच.

सुरुवात रंगावरून करू नका. पाठीची निळी-हिरवी झळाळी पिसांच्या सूक्ष्म रचनेमुळे दिसते. ऊन गेलं की तोच पक्षी काळपट वाटतो, आणि झळाळणारे स्टारलिंग आफ्रिकेत पुष्कळ आहेत.

आधी पोट पाहा. निळी छाती आणि तांबूस-केशरी पोट यांच्यामध्ये बारीक पांढरी पट्टी हवी. शेपटीखालची पिसंही पांढरी असतात. मग डोळा पाहा: काळ्या डोक्यात फिकट, जवळजवळ पांढरा. या तिन्ही खुणा जुळल्या तर तो सुपर्बच. डोळा लाल आणि पट्टी गायब असेल, तर तो हिल्डेब्रांट स्टारलिंग. केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात गफलत होते ती बहुधा या दोघांतच. पिल्लं मात्र फसवतात. त्यांचा डोळा गडद असतो आणि पट्टी पुसट. अशा वेळी सोबतचे मोठे पक्षी पाहून ठरवावं. नर-मादी सारखेच दिसतात, त्यामुळे तो फरक शोधत बसू नका.

आता सवयी. हे थव्याने जमिनीवर चालत किडे टिपतात, फळंही खातात. काटेरी बाभळीत गवताचं घुमटासारखं घरटं दिसलं, तर लांबूनच थोडा वेळ थांबा. दोनपेक्षा जास्त पक्षी चारा घेऊन येताना दिसतील. आई-बापाखेरीज थव्यातले इतरही पिल्लं भरवतात. त्यांत नात्यात नसलेलेही असतात. ही मदत पुढे कधीतरी परत केली जाते, असं केनियातल्या २० वर्षांच्या अभ्यासातून २०२५ मध्ये पुढे आलं. मला या पक्ष्याचं रंगापेक्षा याचंच जास्त कौतुक वाटतं.

शेवटी कान उघडे ठेवा. ससाणा-गरुडासाठी त्याची इशाऱ्याची हाक वेगळी, जमिनीवरच्या शिकाऱ्यासाठी वेगळी. केनियातल्या अंबोसेली राष्ट्रीय उद्यानातल्या व्हर्वेट माकडांना दोन्ही कळतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. त्यामुळे हाक ऐकू आली की जवळच्या माकडांकडे बघा. ती वर पाहू लागली तर आकाशात शोधा, झाडाकडे धावली तर गवतात. एवढा वेळ ज्याची वाट पाहत होतात तो बिबट्याही असू शकेल.