नवरात्रात पेरायची हंगामी फुले : कोल्हापूरच्या अंगणासाठी

हंगामी फुलझाडे एकाच हंगामात उगवतात, फुलतात, बी धरतात आणि संपतात. त्यामुळे पेरणीचे पंधरा दिवस हुकले, तर ते पुढे कितीही खतपाणी घातले तरी भरून निघत नाहीत. कोल्हापुरात ही चूक दोन्ही बाजूंनी होते. सप्टेंबरच्या सुरुवातीला उघड्यावर पेरले की परतीचा पाऊस रोपे झोडपून काढतो. आणि दिवाळी आटोपून निवांतपणे पेरले, तर ॲस्टरसारखे तीन-साडेतीन महिने घेणारे झाड ऐन मार्चच्या उन्हात कळ्या धरते व फुले लहान, आखूड दांड्यांची येतात. म्हणून नवरात्रात छपराखाली पेरावे आणि दिवाळीच्या सुमारास वाफ्यात लावावे. अधिक महिन्यामुळे तिथी पुढेमागे होते, तेव्हा तारखेने सांगायचे तर २५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा पेरणीचा काळ धरावा. दसऱ्याला लागणारा झेंडू या वेळापत्रकात बसत नाही. त्याचे बी जुलैमध्येच टाकलेले असावे लागते.

दोन वाफे, दोन याद्या

शोभेचा वाफा आणि फुलदाणीसाठीचा वाफा शक्यतो वेगळे ठेवावेत. ज्याच्याकडे दारातला एकच वाफा आहे, त्याचा हात फुलांवर कात्री चालवायला धजावत नाही. कुंपणाच्या किंवा वाटेच्या कडेला मागे हॉलिहॉक व कॉसमॉस, मध्ये डॉगफ्लॉवर (स्नॅपड्रॅगन) व डायांथस, आणि पुढच्या ओळीत ॲलिसम, फ्लॉक्स, पिटुनिया अशी उंचीप्रमाणे उतरती मांडणी करावी. फुलदाणीसाठी ॲस्टर, लार्कस्पर, झिनिया आणि डॉगफ्लॉवरच्या उंच जाती परसातल्या एखाद्या उन्हाच्या पट्ट्यात, भाजीसारख्या सरळ ओळींत लावाव्यात. ॲस्टरमध्ये राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ‘फुले गणेश’ नावाच्या जाती आणि बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या ‘कामिनी’ व ‘पूर्णिमा’ या जाती चांगल्या आहेत.

पेरणी

आपली काळी माती ओली झाली की लगदा होते आणि वाळली की तिला भेगा पडतात, म्हणून नुसत्या काळ्या मातीत बारीक बी कधीही पेरू नये. दोन भाग चाळलेले, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग तांबडी माती आणि एक भाग बारीक वाळू असे मिश्रण करून त्यात मूठभर ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) मिसळावे. तळाला भोके असलेला पसरट ट्रे किंवा कुंडी या मिश्रणाने भरून, वरचा थर फळीने हलकेच दाबून सपाट करावा.

सर्वांत जास्त काळजी पिटुनियाला लागते. तिचे बी इतके बारीक असते की एका ग्रॅममध्ये सुमारे दहा हजार दाणे बसतात. ते चिमूटभर कोरड्या वाळूत मिसळून, अंगठा आणि दोन बोटांत धरून, रांगोळी सोडतो तसे पृष्ठभागावर सोडावे आणि त्यावर माती अजिबात टाकू नये, कारण या बियाला उगवण्यासाठी उजेड लागतो. वरून झारीने पाणी घातले तर सगळे बी एका कोपऱ्यात वाहून जाते. त्याऐवजी पाणी भरलेल्या परातीत ट्रे ठेवावा आणि खालून चढणाऱ्या ओलीने वरची माती काळपट दिसू लागली की बाहेर काढावा. डॉगफ्लॉवर आणि ॲलिसमचे बीही असेच उघडे ठेवावे. ॲस्टर, डायांथस, फ्लॉक्स यांच्या बियांवर मात्र त्यांच्या जाडीच्या दुप्पट इतका मिश्रणाचा थर चाळणीने भुरभुरावा. लार्कस्परला रोपे उपटून लावलेली मानवत नाहीत आणि उगवायला गारवा लागतो, म्हणून त्याचे बी आठ-दहा दिवस फ्रिजमध्ये ठेवून नोव्हेंबरच्या मध्यावर थेट वाफ्यातच पेरावे. मुंग्या बी पळवतात. त्यासाठी ट्रे विटांवर ठेवून विटा पाण्याच्या थाळीत ठेवाव्यात.

उगवण दिसताच ट्रे उजेडात न्यावा. घटातले धान्य नऊ दिवस देवघराच्या सावलीत वाढते, म्हणून त्याचे कोंब उंच, नाजूक आणि पिवळसर होतात. घटाला ती शोभा आहे, पण फुलांच्या रोपाला तोच रंग आणि तीच उंची म्हणजे उजेडाची उपासमार आहे. छपराच्या कडेला सकाळचे ऊन मिळेल अशी जागा उत्तम. दुसरा शत्रू म्हणजे रोपांची मर, म्हणजे बुरशीमुळे रोपे बुडाशी कुजून कोसळणे. एका वर्षी उन्हाचे चार दिवस पाहून मी ॲस्टरचा गादीवाफा उघड्यावरच केला. हस्ताच्या एका संध्याकाळच्या सरीनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिले, तर रोपे जमिनीलगत सुतासारखी बारीक होऊन आडवी पडलेली होती आणि आठवड्यात वाफ्यात मोजकीच उरली. तेव्हापासून मी दाट पेरत नाही, संध्याकाळी पाणी देत नाही आणि पाऊस पूर्ण ओसरेपर्यंत छप्पर सोडत नाही.

लावणी आणि वाढ

चार ते सहा पाने झाली की रोपे लावण्यास योग्य होतात. वाफ्यात दर चौरस मीटरला तीन-चार किलो कुजलेले खत मिसळावे. आपल्याकडे साखर कारखान्यांची मळी (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ, प्रेसमड) सहज मिळते आणि ती उत्तम खत आहे, परंतु ताजी मळी तापते व मुळे जाळते. ती काही महिने ढिगात कुजवून, गार आणि भुसभुशीत झाल्यावरच वापरावी. दुपारी चारनंतर रोपे लावून लगेच पाणी द्यावे. ॲस्टर व झिनिया ३० सेंटीमीटरवर, फ्लॉक्स २० वर आणि ॲलिसम १५ वर पुरते. दोन ओळींमध्ये उसाचे पाचट बारीक तोडून अंथरले की ओल टिकते आणि तण दबते.

झिनिया, डायांथस, कॉसमॉस आणि डॉगफ्लॉवर वीतभर वाढले की शेंडा खुडावा, म्हणजे बाजूने फुटवे येऊन अधिक दांड्या मिळतात. ॲस्टरचा शेंडा खुडू नये. त्याचा बहर बहुतेक एकदाच येतो, म्हणून फुलदाणी सतत भरलेली हवी असेल तर दहा-दहा दिवसांच्या अंतराने तीन वेळा थोडे थोडे पेरावे, आणि मर रोग मातीत राहतो म्हणून दरवर्षी जागा बदलावी.

फुले कापणे

ऊन चढण्यापूर्वी, पाण्याची बादली सोबत घेऊन कापावे. झिनियाचे फूल उमललेले दिसले तरी दांडी कच्ची असू शकते. फुलाखाली वीतभर अंतरावर दांडी धरून हलवावी, मान डुलली तर दोन-तीन दिवस थांबावे, ताठ राहिली तर कापावे. डॉगफ्लॉवर व लार्कस्परच्या तुऱ्यातील खालची एक तृतीयांश फुले उमलली की पुरे. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकून दांड्या दोन-तीन तास गार, अंधाऱ्या खोलीत पाण्यात ठेवाव्यात, मगच फुलदाणीत मांडाव्यात. पाणी दररोज बदलावे.

फेब्रुवारीअखेर प्रत्येक जातीची दोन-तीन चांगली झाडे न कापता बियांसाठी राखावीत. संकरित पाकिटांतून आलेल्या झाडांचे बी धरू नये, कारण त्याची फुले मूळ झाडासारखी येत नाहीत. झिनिया व कॉसमॉसची वाळलेली फुले झाडावरच तपकिरी झाल्यावर काढून, सावलीत आठवडाभर वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात नाव-वर्ष लिहून ठेवावीत. ॲस्टरचे बी वर्षभरानंतर फारसे उगवत नाही, म्हणून ते पुढच्या नवरात्रातच संपवावे.