मराठी घरातल्या मुलाला कन्नडची ओळख कशी करून द्यावी

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतल्या मराठी शाळेत मूल घातले की पहिल्या काही वर्षांतच त्याच्यासमोर मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषा व त्यांच्या तीन लिप्या येतात. यांपैकी कन्नडचीच धास्ती घरातल्या मोठ्यांना जास्त वाटते आणि ती मुलांपर्यंत पोहोचते. म्हणून सुरुवात आपल्यापासून करावी.

माझी मुलगी पहिलीत असताना जेवणाच्या सुट्टीत कन्नडच्या बाईंनी तिला मायेने ‘ऊट आयिता?’ असे विचारले आणि ती ताडकन उठून उभी राहिली. ‘बाईंनी ऊठ म्हटलं म्हणून मी उठलो की गे आई, सगळी हसली,’ हे घरी सांगताना तिचे डोळे भरून आले होते. कन्नडमध्ये ‘ऊट’ म्हणजे जेवण, हे त्या क्षणी समजावण्यापेक्षा तिला जवळ घेणे महत्त्वाचे होते. अर्थ मी रात्री पान वाढताना सांगितला. (आमच्याकडच्या मुली ‘उठलो, आलो’ असेच बोलतात, ते घरात सुधारत बसू नये. लिहिताना ‘उठले’ हवे, एवढे पुढे सांगता येते.)

त्या दिवसापासून मी एक नियम पाळला: आधी कान, मग तोंड आणि अक्षर सगळ्यांत शेवटी. शाळेत ज्या शब्दांवाचून मुलाचे अडते ते शब्द पहिल्या आठवड्यातच त्याच्या तोंडी बसवावेत. ‘नीरु बेकु’ म्हणजे पाणी हवे, ‘बेडा’ म्हणजे नको, ‘साकु’ म्हणजे पुरे, ‘होट्टे नोवु’ म्हणजे पोटदुखी. पोट दुखत असूनही सांगता न आल्यामुळे गप्प बसून राहणारी मुले मी पाहिली आहेत, म्हणून शेवटचा शब्द अजिबात वगळू नये. जेवताना भात वाढून झाला की मुलाने ‘साकु’ म्हणावे, एवढा सराव पुरतो. घरातले बाकीचे बोलणे मराठीतच ठेवावे, कारण घरची भाषा पक्की असलेले मूल दुसऱ्या भाषेत चुकायला घाबरत नाही.

आकडे जिन्यावर शिकवावेत. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु, एळु, एंटु, ओंबत्तु, हत्तु असे पायरीगणिक म्हणत चढले की कन्नडमधली एक अवघड गोष्ट आपोआप कानावर पडते. कन्नडमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ यांची ऱ्हस्व व दीर्घ अशी वेगवेगळी अक्षरे आहेत, जी देवनागरी मराठीत नाहीत. या दहा आकड्यांत एरडु आणि एंटु यांचा ‘ए’ तोकडा आहे, तर ‘एळु’चा लांब. म्हणून सातव्या पायरीवर हात पसरून आवाज लांबवावा. ‘एळु’चा दुसरा अर्थ ‘ऊठ’ असाही होतो, त्यामुळे सकाळी मुलाला उठवतानाही तो कामी येतो. आमच्या घरी ‘ऊट’चे दुःख या शब्दानेच विरले.

अक्षरांकडे वळताना मुलाला आधी दिलासा द्यावा की वर्णमालेचा क्रम त्याला ठाऊक असलेलाच आहे: अ, आ, इ, ई आणि पुढे क, ख, ग, घ. ऱ्हस्व ‘ए’ आणि ‘ओ’ सोडले तर नवीन आहे ते फक्त वळण. परातीत तांदळाचे पीठ पसरून त्यात बोटाने अक्षर गिरवू द्यावे, कारण कन्नडची गोल वळणे पेन्सिलीआधी बोटाला कळतात. देवनागरीची सवय झालेले मूल कन्नड शब्दावरही या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढते. त्यावर रागावू नये. कन्नडमध्ये बहुतेक व्यंजनांच्या डोक्यावर स्वतःची छोटी खूण असते, तिला तलकट्टु म्हणतात. ‘इथे प्रत्येकाचा फेटा वेगळा’ असे सांगितले की मुलाला पटते. जोडाक्षरासाठी ‘अक्क’ हा शब्द घ्यावा, कारण अक्का आपल्या घरातही असते. देवनागरीत अर्धा क पुढच्या क ला बाजूने चिकटतो, तर कन्नडमध्ये पहिला क पूर्ण राहतो आणि दुसरा त्याच्या खाली ओत्तक्षर होऊन बसतो.

पुढचा सराव रस्त्यावर होतो. बसस्थानकावर गाडीची वाट पाहताना रोज एकच पाटी वाचावी आणि तीही मुलाला आधीच ठाऊक असलेल्या गावाची, म्हणजे ‘बेळगावि’ची चार अक्षरे तो ओळखीच्या नावावरून ताडतो.

एका बाबतीत मात्र मोठ्यांनी जीभ सांभाळावी. 1 नोव्हेंबर 1956 पासूनचा सीमाप्रश्न आपल्या घराघरांत बोलला जातो आणि तो बोलायलाही हवा, कारण आपली बाजू मुलांना कळली पाहिजे. परंतु त्या बोलण्यात कन्नडच्या बाईंविषयी किंवा शेजारच्या कन्नड घराविषयी वाकडा शब्द आला, तर दुसऱ्या दिवशी ज्या बाईंसमोर बसायचे त्यांच्याकडे मूल कोणत्या डोळ्यांनी बघणार? प्रश्न राज्यांच्या हद्दीचा आहे, बाईंचा नाही, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे.

शाळेची सूचना कन्नडमध्ये आली आणि आपल्याला वाचता आली नाही, तर ती गुपचूप बाजूला ठेवू नये. मुलाचा हात धरून शेजारच्या कन्नड काकूंकडे जावे, त्याच्यासमोरच ‘काकू, एवढं वाचून दाखवता का?’ असे विचारावे आणि त्या वाचत असताना ओळखीचे एखादे अक्षर त्याला बोटाने दाखवू द्यावे.